पिल्लू लंगडते, पण पाय तर धड दिसतो!

चिमूरचे नाव निघाले, की जुन्या पिढीला १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव आठवतो आणि नव्या पिढीला ताडोबाची सफारी. मला मात्र गेली काही वर्षे हे गाव आठवते ते एका सात महिन्यांच्या कुत्र्यामुळे. माझ्या मावशीचे घर चिमूरला आहे. तिच्या अंगणात वाढलेला शेरू आईकडून गावठी आणि वडिलांकडून, रंगरूप पाहता, लॅब्रॅडॉरच्या वळणाचा. माघातील घोडायात्रेची गर्दी गावात जमू लागली होती. त्याच सुमारास एका सकाळी तो पुढचा डावा पाय उचलून चालू लागला. घरातल्यांनी पंजा उलटून पाहिला. काटा नाही, जखम नाही, सूज नाही. ‘मुरगळला असंन, होते दोन दिवसांत बरा,’ असा निकाल मावशीने दिला आणि तो खराही ठरला. तिसऱ्या दिवशी शेरू अंगणभर धावत होता.

आठवडाभराने तो पुन्हा लंगडू लागला. पण या वेळी पाय मागचा आणि उजवा. पाय बदलला म्हणजे हे ढोंगच असणार, असे मावसभावाचे मत पडले. चौथ्या आठवड्यात त्याचे खाणे कमी झाले, तेव्हा घरात कंबरदुखीसाठी आणून ठेवलेली माणसांची वेदनाशामक गोळी पोळीच्या घासातून त्याला देण्यात आली. एकदा नव्हे, दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी त्याची शी डांबरासारखी काळी झाली आणि हिरड्यांवर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके उमटले. मी नागपूरला राहत असल्यामुळे फोन मला आला. भिसी, उमरेड मार्गे सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करून शेरू त्याच दिवशी नागपुरात पोहोचला. पुढची हकिगत ओघाने येईलच. परंतु या एका कुत्र्याच्या निमित्ताने ‘कारण न सापडणारे लंगडणे’ या विषयात मला जे शिकावे लागले, ते घरी पिल्लू असलेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे वाटते.

लंगडणे हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. कुत्रा वेदना सहजी दाखवत नाही. पाय दुखत असताना तो शेपूट हलवतो, जेवतो, चेंडूमागे धावतोही. आणि त्यामुळेच ‘दुखत असते तर खेळला असता का?’ हा आपला नेहमीचा युक्तिवाद फसवा ठरतो. तरुण कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्याची हाडे अजून वाढत असतात. हाडांच्या टोकांशी असलेल्या मऊ वाढपट्ट्या मध्यम आकाराच्या कुत्र्यात साधारण वर्षाच्या आत-बाहेर बंद होतात, अतिविशाल जातींत त्याला दीड वर्षही लागते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या लंगडण्याची कारणे वेगळी, पिल्लाची वेगळी, ती या वाढीमुळे.

आधी पाहणे, मग चाचपणे

नेमका कोणता पाय दुखतो, हे ओळखण्यात भलेभले चुकतात. कुत्र्याला सपाट जमिनीवर, दोर सैल सोडून, सावकाश चालवावे आणि दुसऱ्याने समोरून, मागून व बाजूने पाहावे. पुढचा पाय दुखत असेल, तर तो पाय टेकताना कुत्रा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली जाते. म्हणजे डोके ज्या पायावर झुकते तो पाय धड आणि दुसरा दुखरा. मागच्या पायांच्या बाबतीत डोक्याऐवजी कंबरेकडे पाहावे. दुखऱ्या बाजूचा खुबा अधिक वर-खाली होतो. दवाखान्यात गेल्यावर भीतीपोटी बहुतेक कुत्री अगदी सरळ चालतात. म्हणून घरीच मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवावे. पशुवैद्यकाला आपल्या दहा वाक्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. झोपेतून उठल्यावर लंगडणे वाढते की पळल्यानंतर, याचीही नोंद ठेवावी.

मग पंजा. बोटांच्या बेचक्या, गाद्या, नखे आणि आतल्या बाजूचे ते अधांतरी अंगठ्याचे नख, जे मांसात वळून रुतते आणि कुणाच्याही लक्षात येत नाही. चिमूर, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात पावसाळा सरल्यावर गवताची कुसळे हा मोठा उपद्रव असतो. कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरले, की त्याची रचनाच अशी, की ते पुढेच सरकते, मागे येत नाही. वरची जखम मिटते आणि आत पू होत राहतो. बाभळीच्या काट्याचे टोक मोडून आत राहिले, तरी तोच प्रकार. शहरात याच जागी काचेचा तुकडा, केस बांधायचा रबर किंवा मांजाचा दोरा सापडतो. जंगलालगतच्या गावांत रानडुकरांसाठी बेकायदा लावलेल्या तारेच्या फाशात कुत्र्यांचे पाय अडकतात. तार तुटून कुत्रा घरी येतो, पण तिचा वेढा केसांखाली रुतून बसतो. तो दिसत नाही, बोटांना मात्र लागतो. उन्हाळ्यात आणखी एक कारण. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा दुपारच्या डांबरी रस्त्यावर पंज्याच्या गाद्या अक्षरशः भाजतात.

पंज्यात काही मिळाले नाही, तर बोटांपासून वर खांद्यापर्यंत किंवा खुब्यापर्यंत एकेक हाड, एकेक सांधा हलक्या हाताने दाबत जावे आणि दोन्ही बाजूंची तुलना करावी. मात्र दुखणारा कुत्रा, कितीही लाडका असला, तरी चावू शकतो. तोंडाला मऊ पट्टी बांधूनच हे करावे, आणि तो धापा टाकत असेल किंवा त्याला उलटी होत असेल, तर पट्टीही बांधू नये आणि चाचपूही नये. लस न टोचलेले पिल्लू नुसते लंगडत नसून लडखडत असेल, त्याचा आवाज बदलला असेल, जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, तर त्याच्या तोंडात हात घालण्याचे धाडस तर मुळीच करू नये. रेबीजचे मुके रूप असेही सुरू होते.

वाढीच्या वयातली दुखणी

येथवर काही सापडले नाही, की ‘विनाकारण लंगडतो’ असे म्हटले जाते. कारण असते, ते आत असते.

जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर यांसारख्या मोठ्या जातींत साधारण पाच ते अठरा महिन्यांच्या वयात पॅनोस्टायटिस नावाचे दुखणे दिसते. लांब हाडांच्या आतल्या पोकळीत दाह होतो, आणि आज हा पाय तर पंधरवड्याने तो, असे लंगडणे फिरत राहते. हाड दाबले की कुत्रा ओरडतो. पहिले काही दिवस क्ष-किरण चित्रातही ते दिसत नाही. दुखणे त्रासदायक, पण वयाबरोबर आपोआप थांबणारे. याउलट, पाच-सहा महिन्यांचे पिल्लू जिन्याने उतरताना किंवा खेळल्यावर पुढच्या पायाने सतत लंगडत असेल, बाहेरच्या बाजूला पंजा फिरवून उभे राहत असेल, तर कोपराच्या सांध्याची रचना बिघडलेली असण्याचा संभव असतो. खांद्यातील कूर्चेचा तुकडा सुटणे हे याच वयातले. मागच्या पायांत खुब्याचा सैलपणा. पिल्लू सशासारखे दोन्ही मागचे पाय एकत्र टाकत पळते, आणि घरातल्यांना ते गोंडस वाटते! पॉमेरेनियनसारखी लहान कुत्री तीन-चार पावले पाय उचलून उड्या मारतात आणि लगेच सरळ चालू लागतात. त्यांच्या गुडघ्याची वाटी सरकत असते. लहान जातींतच, साधारण चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यान, मांडीच्या हाडाच्या गोलकाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजत जाण्याचा विकार होतो. त्यावर शस्त्रक्रिया आहे आणि लहान कुत्री तिच्यानंतर उत्तम चालतात.

यांपैकी एका गोष्टीला विलंब परवडत नाही. वाढत्या पिल्लाने पलंगावरून उडी मारली, थोडे लंगडले, क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही, असे घडते. पण मनगटाजवळच्या वाढपट्टीला मार बसलेला असेल, तर पुढच्या पायाच्या दोन हाडांपैकी एकाची वाढ थांबते, दुसरे वाढत राहते आणि पाय धनुष्यासारखा वाकतो. म्हणून चित्र स्वच्छ आले तरी दोन-तीन आठवड्यांनी ते पुन्हा काढण्यास डॉक्टरांनी सांगितले, तर ‘उगाच खर्च’ म्हणून टाळू नये.

ताटातले कारण

मावशीच्या घरी शेरूला दूधभात, वरणभात आणि रविवारी बिनहाडाचे मांस मिळत असे. बहुसंख्य मराठी घरांतल्या कुत्र्यांचा आहार याहून फारसा वेगळा नसतो. भात आणि नुसते मांस यांत स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. वाढीच्या वयात हे व्यस्त प्रमाण राहिले, की शरीर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते काढून घेऊ लागते. हाडे इतकी पातळ होतात, की साध्या उडीने ती ओल्या काडीसारखी मुडपतात. पिल्लू उठायला नको म्हणते, मांडीवर घेतले तरी कण्हते. दोन पेले दूध घातल्याने ही तूट भरून निघत नाही.

परंतु यावर उपाय म्हणून औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणणे, हा दुसऱ्या टोकाचा अपराध. साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम नाकारता येत नाही. जेवढे पोटात जाते त्यातले बरेचसे शोषले जाते. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर प्रयोग झाले, तेव्हा जादा कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांच्या सांगाड्यात विकृती आढळल्या. पिल्लांसाठीचे संतुलित तयार खाद्य चालू असेल, तर वरून कॅल्शियम देण्याचे कारण नाही. घरचे अन्न द्यायचे असेल, तर प्रमाण पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावे.

आणि गुटगुटीतपणा. ‘किती छान भरलाय!’ या कौतुकाची किंमत सांधे मोजतात. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांचा पिल्लूपणापासून मृत्यूपर्यंत अभ्यास झाला. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले गेले. कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून अधिक जगली आणि त्यांच्या खुब्यातील संधिवात बराच उशिरा आला. हाताला फासळ्या सहज लागाव्यात, डोळ्यांना मोजता येऊ नयेत, हे माप घरच्या घरी घेता येते.

गोचिडीचा ताप

नागपूरच्या डॉक्टरांनी शेरूची हाडे दाबली, सांधे वाकवले आणि मग त्याचा कान उलटा केला. आत तुरीच्या दाण्याएवढ्या फुगलेल्या तीन गोचिडी होत्या. क्ष-किरण चित्रे चारही पायांची निर्दोष आली. रक्ततपासणीत मात्र बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट्स, धोकादायक पातळीपर्यंत घसरलेले दिसले. निदान झाले एर्लिकिओसिसचे, बोलीभाषेत गोचीडतापाचे.

हा जंतू गोचीड रक्त पीत असताना कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. १९३५ मध्ये अल्जीरियात तो प्रथम वर्णिला गेला; पण जगाचे लक्ष त्याच्याकडे वळले ते व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची शेकडो कुत्री, प्रामुख्याने जर्मन शेफर्ड, नाका-तोंडातून रक्त जाऊन मरू लागली तेव्हा. आजाराचा पहिला टप्पा फसवा असतो. थोडा ताप, थोडी मरगळ, आणि शरीराची प्रतिकारव्यवस्था खवळल्यामुळे सांध्यांत दाह. तो कधी या सांध्यात तर कधी त्या सांध्यात, म्हणूनच लंगडणे पाय बदलते. पॅनोस्टायटिसही पाय बदलतो, हे वर आलेच आहे. वरवर पाहून या दोहोंतला भेद करता येत नाही. रक्त तपासावेच लागते. गोचिडीतून येणारे बॅबेसिया व हेपॅटोझून हे परजीवीही विसरून चालत नाहीत. त्यांतला दुसरा तर गोचीड चावल्याने नव्हे, कुत्र्याने ती गिळल्याने होतो, आणि त्यातही स्नायू व सांधे दुखतात.

मावशीचे म्हणणे असे, की गोचिडी तर गावातल्या सगळ्याच कुत्र्यांना असतात. ते खरेच आहे, आणि आजार इतका पसरलेला असण्याचे कारणही तेच. कुत्र्यांवरची ही तपकिरी गोचीड जंगलापेक्षा घरात अधिक सुखाने नांदते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे शिरते आणि हजारो अंडी घालते. विदर्भाच्या उबदार हवेत तिचे चक्र वर्षभर चालू राहते. कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही. अंगणाच्या फटी लिंपाव्या लागतात, अंथरुणाचे पोते उकळत्या पाण्यात टाकावे लागते आणि पशुवैद्यकाने सुचवलेले गोचीडनाशक नियमाने द्यावे लागते. गोचीड काढताना ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये; रॉकेल, जळती काडी हे प्रकार करू नयेत.

गोळीचा घोळ

आजार औषधाने आटोक्यात येणारा होता. जिवावर बेतले ते गोळीमुळे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही माणसांची नित्याची औषधे कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. माणसाला मानवणारी मात्रा कुत्र्याला मानवेलच असे नाही. शेरूच्या रक्तात गोठण्याची शक्ती आधीच उरली नव्हती. त्यात जठराला जखम झाली आणि रक्त आत झिरपत राहिले. काळी शी ही त्याचीच खूण. पॅरासिटामॉल तुलनेने सौम्य समजले जाते, पण त्याचे प्रमाण चुकले तर यकृत जाते, आणि मांजराला तर एक गोळीही घातक ठरू शकते.

डायक्लोफेनॅक हे नाव आपल्या भागाला आणखी एका कारणाने ठाऊक असायला हवे. ते दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरही तशीच बंदी आली. गडचिरोलीत गिधाडांसाठी उपाहारगृहे उभारावी लागली आणि २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरहून पांढऱ्या पाठीची गिधाडे ताडोबात आणावी लागली, त्या साऱ्यामागे हे औषध आहे. तरीही घराघरांत ते असते आणि ‘अर्धी गोळी देऊन पाहू’ हा सल्लाही.

कुत्र्यांसाठीची वेगळी वेदनाशामके आहेत. पण तीसुद्धा तपासणीनंतर, वजनानुसार आणि भरल्या पोटी. स्टेरॉइडचे इंजेक्शन नुकतेच टोचले असेल, तर ते लपवू नये; दोन्ही एकत्र आली की जठराची चाळण होते. कुत्र्याला बाम चोळण्याचाही विचार नको. तो चाटणार आणि त्यातील सॅलिसिलेट पोटात जाणार. बिब्ब्याचा डाग देण्याची आपल्याकडची जुनी रीत जनावरांवरही चालते. तिने कातडी मात्र भाजते, आत दाह असेल तो जागच्या जागी राहतो.

थांबावे की धावावे?

पिल्लू पाय टेकते, जेवते, ताप नाही, सूज नाही, असे असेल तर एक-दोन दिवस वाट पाहण्यास हरकत नाही. पण विश्रांती म्हणजे खरोखर विश्रांती: दोरीवर फिरवणे, तेही नैसर्गिक विधीपुरते, जिना, उड्या, चेंडू बंद. सुधारून पुन्हा लंगडले, तर दुसऱ्या खेपेलाच डॉक्टर गाठावा, शेरूच्या घरच्यांसारखी चौथ्या आठवड्याची वाट पाहू नये.

पाय अजिबात टेकत नसेल, तो वेड्यावाकड्या कोनात असेल, मागचे दोन्ही पाय फरफटत असतील, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा त्यांवर ठिपके असतील, तर सकाळची वाट पाहण्यात अर्थ नाही. शेतातून किंवा झुडपांतून आलेल्या कुत्र्याचा पाय तासाभरात टरारून सुजला, तर घोणस चावल्याचा संशय घ्यावा. पाय आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. ताप पाहायचा तर गुदद्वारातून. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे हात लावून ‘अंग गरम आहे’ असे ठरवण्यात काही हशील नाही.

तालुक्याच्या गावी बहुतेकदा गाई-म्हशींच्या उपचारांची सोय असते, क्ष-किरण यंत्र नसते. तरीही पहिली तपासणी आणि रक्ताचा नमुना तिथे होऊ शकतो. त्यानंतर मोठ्या केंद्रात जावे. नागपूरला सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय आहे आणि चंद्रपूर, गडचिरोलीकडचे अनेक श्वानपालक तिथवर येतात. जाताना चित्रण, आहाराची माहिती, लसीकरणाची पुस्तिका आणि आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाचे वेष्टन बरोबर न्यावे. घरी दिलेल्या गोळीबद्दल आपण संकोचाने गप्प राहतो. मावसभाऊही राहिला होता. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्याने खिशातून रिकामी पट्टी काढली, आणि त्यानंतरच उपचाराची दिशा ठरली.

शेरूला दोन दिवस सलाइन, जठराची औषधे आणि एकदा दुसऱ्या कुत्र्याचे रक्त द्यावे लागले. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स २८ दिवसांचा होता. दहाव्या दिवशी तो चांगला धावू लागला, तेव्हा औषध थांबवावे का, असे मावशीने फोनवर विचारले. नाही म्हटल्यावर तिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारायला सुरुवात केली. अठ्ठाविसावी फुली मारून झाल्यावर रक्त पुन्हा तपासले. बिंबाणू पूर्ववत झाले होते. अंगणातल्या भिंतीच्या फटी मात्र तिने सिमेंटने लिंपल्या त्या पावसाळ्याच्या तोंडावर, आणि त्याआधी शेरूच्या कानात आणखी दोन गोचिडी सापडल्या होत्या.